सरोवराकाठचं गाव आणि गुरुवारची फेरी

अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या उंच इमारती येतात, नाहीतर नायगाऱ्याचा धबधबा. बर्लिंग्टन हे नाव मात्र, मैत्रिणींनो, तुमच्यापैकी फारच थोड्या जणींनी ऐकलं असेल. माझी धाकटी नणंद तिथे राहायला गेली नसती, तर मीही ऐकलं नसतं.

गेल्या वर्षी तिचं बाळंतपण आलं. सासूबाईंना गुडघ्यांमुळे एवढा लांबचा प्रवास झेपणारा नव्हता. त्या म्हणाल्या, "तूच जा बाई, माझ्याहून तुझा हात तिला जास्त सवयीचा आहे." शाळेला मे महिन्याची सुट्टी होतीच. मी अर्धवेळ शिक्षिका, त्यामुळे जूनचे पंधरा दिवस बिनपगारी मागून घेतले. मुलांना आणि ह्यांना सासूबाईंच्या हवाली केलं, बॅगेत डिंकाचे लाडू आणि आळीव भरले आणि निघाले.

बोस्टनला विमानातून उतरल्यावर मोटारीने साडेतीन तास उत्तरेला जावं लागतं. व्हर्मांट राज्याची हद्द लागली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, रस्त्याच्या कडेला जाहिरातीची एकही पाटी नव्हती! या राज्याने १९६८ सालीच कायदा करून त्या बंद केल्या आहेत. नुसती झाडी, गाईगुरं आणि लाल रंगाची लाकडी कोठारं. नाशिकहून घोटीपर्यंत जाहिराती वाचत जाण्याची सवय असलेल्या डोळ्यांना हे नवलच होतं.

बर्लिंग्टन हे व्हर्मांटमधलं सर्वांत मोठं शहर, पण वस्ती पंचेचाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. टेकडीवर १७९१ साली स्थापन झालेलं विद्यापीठ. टेकडी उतरलं की चर्च स्ट्रीट हा विटांनी बांधलेला बाजाररस्ता. १९८१ पासून तिथे गाड्यांना बंदी आहे, नुसतं पायी फिरायचं. बेन आणि जेरी या दोघा मित्रांनी १९७८ साली एका जुन्या पेट्रोलपंपाच्या जागेत आइस्क्रीमचं दुकान काढलं, ते याच गावात. आणि आणखी खाली उतरलं की चॅम्पलेन सरोवर. पलीकडचा काठ न्यूयॉर्क राज्याचा, तिथे ॲडिरॉन्डॅक पर्वताच्या रांगा. जूनमध्ये सूर्य मावळायला साडेआठ वाजतात, आणि तो त्या डोंगरांमागे उतरत असताना सगळं गाव काठावर येऊन बसतं. मीही बाळाची बाबागाडी घेऊन रोज जायची. जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी आता सायकलींसाठी रस्ता केला आहे. म्हातारे, पोरंटोरं, सगळे सायकली फिरवत असतात. धक्क्यावर माणसं गळ टाकून तासन् तास बसलेली असतात.

अशाच एका संध्याकाळी मी सहज म्हटलं, "काय बाई निवांत लोक! कामधंदे नाहीत वाटतं यांना?"

नणंद हसली. म्हणाली, "वहिनी, या गावात एकेकाळी हा गळ औषध म्हणून दिला होता."

मला वाटलं, थट्टा करते आहे. पण ती तिथल्या विद्यापीठात संख्याशास्त्राचं काम करते, उगाच बोलणाऱ्यांतली नाही. आणि ती हे मला का सांगत होती, तेही मला कळलं. माझा धाकटा भाऊ दारूच्या नादी लागला आहे, हे आमच्या दोन्ही घरांत कुणी उघड बोलत नसलं तरी सर्वांना ठाऊक आहे.

त्या धक्क्यावर बसून तिने सांगितलेली हकिगत मी तुम्हाला सांगते. बर्लिंग्टनला जाऊन मी काय पाहिलं असं कुणी विचारलं, तर माझं खरं उत्तर हेच आहे.

१९८०च्या दशकात अमेरिकेत कोकेनचं व्यसन फार पसरलं. हेरॉइनसाठी मेथाडोनसारखं औषध तरी होतं, कोकेनसाठी काहीच नव्हतं. आजही कोकेनच्या व्यसनावर तिथल्या सरकारने मान्य केलेलं एकही औषध नाही. उपचार म्हणजे बोलणं, समजावणं, समुपदेशन. रुग्णाने घरी राहायचं आणि ठरलेल्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात यायचं. पण माणसं यायचीच नाहीत. दोनचार फेऱ्या झाल्या की निम्मी-अधिक गळायची. आता रुग्ण समोरच नसेल तर डॉक्टर बोलणार कुणाशी?

बर्लिंग्टनच्या विद्यापीठात स्टीफन हिगिन्स नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला, की कोकेनचं सुख काही मिनिटांत मिळतं. ते सोडल्याचं सुख म्हणजे प्रकृती, नोकरी, घरातली शांतता. पण ते मिळायला कित्येक महिने लागतात. या दोघांची बरोबरी होणार कशी? मग सोडल्याचं थोडंसं सुख आजच, इथेच, हातात का देऊ नये?

त्यांनी अशी रीत बसवली. रुग्णाने सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी यायचं आणि लघवीची तपासणी करून घ्यायची. तीत कोकेन नाही असं निघालं की त्याच्या नावावर अडीच डॉलरचं कूपन जमा. पुढच्या खेपेला पुन्हा नाही निघालं, तर सव्वा डॉलर जास्त, म्हणजे पावणेचार. त्याच्या पुढे पाच. असं चढत जायचं. लागोपाठ तीन तपासण्या स्वच्छ निघाल्या की वर दहा डॉलर बक्षीस. एखादी तपासणी वाईट निघाली, किंवा माणूस आलाच नाही, तर आकडा पुन्हा अडीचवर. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. आधी कमावलेलं कधीही काढून घ्यायचं नाही, आणि त्यानंतर लागोपाठ पाच तपासण्या चांगल्या निघाल्या की घसरण्यापूर्वीच्या आकड्यावर परत बसवायचं.

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे घरी आल्यावर वहीत मांडून पाहिलं. बारा आठवडे, छत्तीस तपासण्या, एकही न चुकता. बेरीज येते ९९७ डॉलर ५० सेंट. नणंदेने आकडा ताडून पाहिला, बरोबर निघाला.

हे पैसे रोख मात्र हातात द्यायचे नाहीत, कारण रोख पैसा कुठे जाईल हे तुम्हीआम्ही जाणतोच. रुग्णाने वस्तू सांगायची आणि तिथल्या माणसांनी ती आणून द्यायची. लोकांनी काय घेतलं असेल? मासेमारीचा परवाना, सायकलीचं सामान, कॅमेऱ्याचं सामान, बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळाचे पास, शिकण्याची पुस्तकं. म्हणजे त्या धक्क्यावर मला जे जे दिसत होतं, ते सगळं! माणसाला कोकेनच्या जागी दुसरं काही मिळालं पाहिजे, हा त्यामागचा हेतू. जोडीला समुपदेशन होतंच. नोकरी शोधायला मदत, घरातल्या माणसाला बरोबर बोलावणं, रिकामा वेळ कसा घालवायचा ते शिकवणं.

आता फळ काय मिळालं ते पाहा. १९९३ साली त्यांनी छापलेल्या अभ्यासात ३८ रुग्णांचे दोन गट होते. नेहमीच्या समुपदेशनाच्या गटातल्या १९ जणांपैकी चोवीस आठवडे टिकले फक्त २. नव्या रीतीच्या गटातल्या १९ पैकी टिकले ११. मग प्रश्न आला, की हा गुण कुपनांचा की बाकीच्या मदतीचा? म्हणून १९९४ सालच्या अभ्यासात ४० जणांना तीच सगळी मदत दिली, पण कुपनं निम्म्यांनाच. कुपनवाल्यांतले शंभरातले पंच्याहत्तर शेवटपर्यंत आले, बिनकुपनवाल्यांतले चाळीस.

तुम्ही म्हणाल, ही तर चक्क लाच झाली! मीही तेच म्हटलं. दारू पिऊ नकोस म्हणून बक्षीस द्यायचं, मग जे मुळात पीत नाहीत त्यांनी काय घोडं मारलंय? नणंद म्हणाली, "वहिनी, तू चौथीच्या मुलांच्या वहीवर तारा काढतेस, ती लाच असते का?" मी गप्प झाले. ज्याला पाढे येतात त्याला ताऱ्याची गरज नसते. जो मागे पडलाय, ज्याला उद्या शाळेत यावंसंच वाटत नाही, त्याच्यासाठीच मी तारा काढते. तोही त्याच दिवशी, त्याच्या समोर. परीक्षेनंतर दिलेल्या ताऱ्याचा उपयोग नसतो, हे दहा वर्षं शिकवून मला ठाऊक होतं. माझ्या भावाच्या बाबतीत मात्र ते सुचलं नव्हतं.

या रीतीचं मी कौतुकच करते आहे असं नाही. कुपनं थांबली की काही माणसं पुन्हा घसरतात. तपासण्यांना आणि बक्षिसांना पैसा लागतो, माणसं लागतात. आणि बर्लिंग्टन म्हणजे काही व्यसनातून सुटलेलं गाव नव्हे. चर्च स्ट्रीटच्या बाजूलाच नगरपालिकेची सुरेख बाग आहे. तिथल्या बाकावर भर दुपारी एक तरुण मुलगा मान टाकून पडला होता. दोन माणसं त्याला हलवून उठवत होती. आज अमेरिकेत कोकेनमध्ये फेंटानिल नावाचं अफूसारखं पण कितीतरी जहाल द्रव्य मिसळलेलं सापडतं, त्यामुळे एकेक चूकही जिवावर बेतते. जिथे हा उपाय पारखला गेला, तिथेच तो सर्वांना मिळत नाही हे पाहून जीव हळहळला. त्या मुलाचं वय माझ्या भावाएवढंच असेल.

आता भावाचं सांगते.

तो आईबरोबर नाशिकलाच राहतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याला समजावून एका दवाखान्यात नेलं. दर गुरुवारी संध्याकाळी यायचं असं ठरलं. तीन गुरुवार तो गेला. इस्त्रीचा शर्ट घालून जायचा. त्या तीन गुरुवारी आम्ही त्याला काय म्हटलं ते आठवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला, मैत्रिणींनो. काहीही म्हटलं नव्हतं. आईने देवापुढे साखर ठेवली, एवढंच. चौथ्या आठवड्यात तो मंगळवारी पिऊन आला. तेव्हा मात्र आम्हा सर्वांना वाचा फुटली. आई रडली, ह्यांनी बोलणं टाकलं, आणि मी म्हटलं, "आता कशाला जातोस तिथे? पैसे फुकट आणि वेळही फुकट." तरी तो गुरुवारी गेला. तिथे त्याला सांगितलं गेलं, की आधी पिणं बंद कर आणि मग ये. त्यानंतर तो गेला नाही. आम्हीही विचारलं नाही.

ज्या दिवशी त्याला बोलावून बसवून घ्यायला हवं होतं, त्याच दिवशी दवाखान्याने दार लावलं आणि घरानेही लावलं. तीन वेळा आला याची किंमत शून्य, आणि एकदा घसरला याचा दंड पुरेपूर!

नणंदेने मग आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती दारूचीच होती. कनेटिकट राज्यात नॅन्सी पेट्री नावाच्या विदुषी होत्या, २०१८ साली त्या वारल्या. कुपनांचा खर्च जास्त होतो म्हणून त्यांनी काचेच्या भांड्यातल्या चिठ्ठ्यांची युक्ती काढली. आपल्या भिशीसारखीच! नेहमीच्या मांडणीत पाचशे चिठ्ठ्या. निम्म्यांवर नुसतं "शाबास" लिहिलेलं. बाकीच्यांपैकी बहुतेकांवर डॉलरभराची वस्तू, थोड्यांवर वीस डॉलरची, आणि फक्त एकीवर शंभराची. तपासणी चांगली निघाली की चिठ्ठी काढायची. २००० साली त्यांनी ही युक्ती दारूच्या व्यसनातल्या ४२ माजी सैनिकांवर करून पाहिलेला अभ्यास छापला. आठ आठवडे नेहमीच्या उपचाराला टिकले शंभरात बावीस, चिठ्ठ्यांच्या जोडीने टिकले चौऱ्याऐंशी. पुढे २०११ पासून अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनीही ही रीत उचलली.

जून संपता संपता मी परत आले. पहिल्या रविवारी आईकडे गेले. भावाला म्हटलं, "तू तीन गुरुवार गेला होतास, त्याचं मी तुला कधी बरं म्हटलं नाही. माझं चुकलं." तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, चौथ्यालाही गेलो होतो."

या खेपेस आम्ही दुसरी जागा शोधली. तिथल्या समुपदेशक बाईंना मी सगळं मोकळेपणाने विचारलं. त्या म्हणाल्या, "पिऊन आला तरी येऊ द्या. आलेल्या माणसाशी बोलता येतं." आता त्याच्या गुरुवारी शाळा सुटली की मी दवाखान्याच्या दारात उभी असते. तो बाहेर आला की आम्ही दोघं कोपऱ्यावर मिसळ खातो. आईने लोणच्याची रिकामी बरणी घासूनपुसून ठेवली आहे आणि तीत चिठ्ठ्या. निम्म्यांवर "शाबास", बाकीच्यांवर भरली वांगी, सिनेमाचं तिकीट, एकीवर क्रिकेटची बॅट. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "मी काय चौथीतला पोरगा आहे का?" पण हात घातलाच. लागोपाठ तीनदा "शाबास" निघालं तेव्हा मात्र चिडला, म्हणाला, "आई, तू बॅटची चिठ्ठी टाकलीयेस की नाही?" कितीतरी दिवसांनी आई हसली.

सोळा गुरुवारांपैकी तो चौदा गेला आहे. दोन चुकले. चुकल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला आणि एवढंच म्हटलं, "पुढच्या गुरुवारी साडेपाचला मी दारात आहे." मधे एकदा प्यायला. ते त्याने बाईंना आपणहून सांगितलं. तो सुटला असं मी म्हणणार नाही. तो जातो आहे, एवढं म्हणते.

तुमच्यापैकी एखादीच्या घरी असं दुखणं असेल, तर अनुभवाने चार गोष्टी सांगते. आमची बरणी म्हणजे शास्त्र नव्हे. खरी तपासणी आणि खरा उपचार दवाखान्यातच व्हायला हवा, आणि असं काही करायचं तर समुपदेशकाला विचारूनच. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. आकडी येऊन जिवाला धोका होऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टर. बक्षीस छोटं चालेल, पण कबूल केलेलं त्याच दिवशी द्या. रोख देऊ नका. आणि तो घसरला म्हणून आधी दिलेलं परत हिसकावू नका.

जो मुळात उपचाराला जायलाच तयार नाही, त्याचं काय? त्यासाठीही अमेरिकेत रॉबर्ट मायर्स यांनी घरच्या माणसालाच शिकवण्याची रीत बसवली. तो शुद्धीत असेल तेव्हा जवळ बसा, गप्पा करा, आवडीचं करा. पिऊन आला की भांडू नका, पण सरबराईही करू नका. त्याच्यासाठी कचेरीत खोटा निरोप देऊ नका. आणि चांगल्या क्षणी उपचाराची गोष्ट काढा. १९९९ साली छापलेल्या अभ्यासात या रीतीने शंभरातल्या चौसष्ट घरांतला माणूस उपचाराला आला. घरात मारझोड होत असेल तर मात्र, बायांनो, आधी स्वतःचा आणि मुलांचा बचाव. बाकीचं नंतर.

आपल्याकडे मार्ग नाहीत असंही नाही. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं, ते आजही चालू आहे. सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा फोन क्रमांक आहे १४४४६, त्याला पैसे पडत नाहीत.

नणंदेने परवा फोटो पाठवला. बाळ आता बसायला लागलंय, मागे सरोवर आणि धक्क्यावर कुणीतरी गळ टाकून बसलेला. मी तो भावाला दाखवला आणि गळाची हकिगत सांगितली. तो बराच वेळ फोटो बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, गंगापूर धरणावर मासे लागतात म्हणे."

आईला सांगून बरणीत एक चिठ्ठी वाढवली आहे.